तिथी-तारीख रूपांतर

एका कालगणनेत नोंदविलेला दिवस दुसऱ्या कालगणनेत कोणता येतो हे निश्चित करणे, यास तिथी-तारीख रूपांतर म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासात ते पूर्वीपासून आवश्यक ठरले आहे. संगणकावर अभिलेख साठविण्याची पद्धत रूढ झाल्यापासून महसूल, नोंदणी व न्यायदान या क्षेत्रांतही ते नित्याचे झाले आहे. दोन्ही ठिकाणी कामाचे स्वरूप एकच असते : लिहिलेल्या अंकांवरून व शब्दांवरून प्रत्यक्ष दिवस ओळखणे आणि तो दिवस वाचकाला परिचित अशा रूपात पुन्हा लिहिणे. पहिली पायरी चुकल्यास दुसरी कितीही सुबक असली, तरी तिचा उपयोग होत नाही.

अमरावती जिल्ह्यात चांदूर या नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. म्हणून एकास चांदूर बाजार व दुसऱ्यास चांदूर रेल्वे असे म्हणतात. वर्षांकाच्या बाबतीतही असे विशेषण आवश्यक असते. जुन्या कागदात नुसते ‘सन १२१३’ असे असले, तर तेवढ्यावरून काल ठरत नाही. तो दख्खनी फसली सन मानल्यास इ. स. १८०३-०४, हिजरी मानल्यास १७९८-९९, शुहूर मानल्यास १८१२-१३ आणि शालिवाहन शक मानल्यास १२९१-९२ असा काल निघतो. अंक तेच असूनही पाच शतकांपेक्षा अधिक अंतर पडते.

चांदूर बाजारचा परिसर या विषयाच्या दृष्टीने नमुनेदार आहे. अचलपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी, महानुभाव पंथाचे क्षेत्र रिद्धपूर आणि वाकाटकांच्या ताम्रपटामुळे प्रसिद्ध झालेले चम्मक ही स्थळे त्याच्या आसपास आहेत. वाकाटक, राष्ट्रकूट, यादव, बहमनी, अचलपूरची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम, नागपूरकर भोसले व इंग्रज अशा अनेक सत्ता येथे होऊन गेल्या आणि कागदपत्रांवर त्यांच्या त्यांच्या कालगणनांचे ठसे राहिले.

दिवस व त्याचे नाव : दिवस ही निसर्गातील घटना आहे, तिथी, तारीख, मास व वर्षांक ही माणसाने त्याला दिलेली नावे आहेत. नावावरून नावाकडे थेट जाण्यापेक्षा मधे दिवसांची अखंड मोजदाद ठेवणे अधिक सुरक्षित असते, हे भारतीय ज्योतिषांनी फार पूर्वी ओळखले होते. एका ठरीव आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या दिवसांच्या संख्येस अहर्गण म्हणतात. कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ मधील १८ फेब्रुवारी, शुक्रवार, हा मानून अहर्गण काढण्याची पद्धत सिद्धांतग्रंथांत आहे. मोठ्या संख्यांचे गणित टाळण्यासाठी गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव या ग्रंथात शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ घेतला आणि अकरा वर्षांचे, म्हणजे ४,०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पिले. महाराष्ट्रातील पंचांगे दीर्घकाळ या ग्रंथाच्या आधारे तयार होत असत. यूरोपात जोसेफ स्कॅलिजर यांनी १५८३ मध्ये अशाच हेतूने इ. स. पू. ४७१३ च्या १ जानेवारीपासून दिवस मोजण्याची पद्धत सुचविली. ती ज्यूलियन दिनांक या नावाने ज्योतिषशास्त्रात आजही वापरली जाते.

अशा संख्येचा मोठा लाभ असा, की तिला सातने भागले असता राहिलेल्या बाकीवरून वार निघतो. वारांचा क्रम सर्व कालगणनांत अखंड चालत आला असल्यामुळे जुन्या नोंदीत वार दिलेला असेल, तर रूपांतर बरोबर आहे किंवा नाही याची ती उत्तम कसोटी ठरते.

वऱ्हाडातील कालगणना : वाकाटक राजांनी कोणताही अखंड शक वापरला नाही. दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक येथील ताम्रपट त्याच्या राज्यवर्ष १८ मधील असून त्यात ज्येष्ठ शुक्ल त्रयोदशी ही तिथी आहे. प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर येथील ताम्रपट त्याच राजाच्या १९ व्या वर्षातील आहे. या नोंदींत मास, पक्ष व तिथी स्पष्ट असूनही राजा कोणत्या साली गादीवर आला हे स्वतंत्रपणे कळत नसल्याने त्यांचे इसवी सनात नेमके रूपांतर करता येत नाही. इतर पुराव्यांवरून त्यांचा काल पाचव्या शतकात अंदाजाने ठेवावा लागतो. याउलट अकोला जिल्ह्यातील सांगळूद येथे मिळालेल्या राष्ट्रकूट नन्नराजाच्या ताम्रपटात शक ६१५ असा उल्लेख असल्यामुळे त्याचा काल इ. स. ६९३-९४ असा ठरविता येतो. विदर्भातील कोरीव लेखांचे साक्षेपी संपादन करणारे वा. वि. मिराशी यांच्या कार्यात कालनिर्णयाचा हा प्रश्न पदोपदी आलेला दिसतो.

शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होते. शकाच्या अंकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ व जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळविले असता इसवी सन येतो. शकाच्या अंकात १२ मिळवून ६० ने भागल्यास राहणारी बाकी ही प्रभवादी साठ संवत्सरांतील अनुक्रमांक असते (बाकी शून्य राहिल्यास साठावा क्षय संवत्सर समजावा). नोंदीत शकाचा अंक व संवत्सराचे नाव दोन्ही असतील, तर ती एकमेकांशी जुळतात की नाही हे या रीतीने ताडून पाहता येते.

हिजरी सन शुद्ध चांद्र असून त्याचे वर्ष सु. ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे शेतीच्या हंगामाशी त्याचा मेळ राहत नाही. पीक तयार होण्याच्या काळी सारा वसूल करावयाचा असल्यामुळे मुसलमानी अंमलात सौर वर्षाचे सन काढावे लागले. शुहूर सन, ज्याला अरबी सन असेही म्हणतात, हा हिजरी ७४५ (इ. स. १३४४) मध्ये हिजरीपासून वेगळा झाला. सूर्य मृग नक्षत्रात येतो तेव्हा त्याचे वर्ष बदलते. म्हणून त्यास मृगसाल असेही नाव आहे. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळविले, की इसवी सन मिळतो. हा सन अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत. पानिपतच्या लढाईच्या (१४ जानेवारी १७६१) वेळचे साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर व अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. त्यात ६०० मिळविल्यास १७६१ येतात.

फसली सन हाही शेतीच्या हंगामासाठीच योजलेला होता. अकबराच्या कारकीर्दीत तो उत्तरेत सुरू झाला आणि शाहजहानच्या काळात, इ. स. १६३६ च्या सुमारास, दक्षिणेत आला. दख्खनी फसलीच्या अंकात ५९० किंवा ५९१ मिळविल्यास इसवी सन येतो; तो शुहूर सनाहून नेहमी नऊने अधिक असतो. उत्तरेतील फसलीत मात्र ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात आणि त्याचे वर्ष आश्विनाच्या सुमारास सुरू होते. मुंबई इलाख्यात फसली वर्ष मृगाच्या सुमारास म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, मद्रास इलाख्यात १ जुलैस, तर हैदराबाद राज्यात अखेरच्या काळात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १ आजूर या दिवशी सुरू होत असे. एकाच नावाच्या सनाची ही रूपे लक्षात न घेतल्यास एका-दोन वर्षांची चूक सहज होते.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून (ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ६ जून १६७४) राज्याभिषेक शक सुरू झाला. त्याचे वर्ष चैत्रात न बदलता त्याच ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदलते.

या सर्व सनांचा परस्परसंबंध वऱ्हाडातील एका घटनेवरून स्पष्ट होईल. मेळघाटातील गाविलगड किल्ला इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी जिंकला व दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा मुलूख सुटून पुढे तो निजामाकडे गेला. तोवर वऱ्हाडच्या वसुलात निजाम व भोसले या दोघांचा वाटा असे. त्यामुळे दोहोंकडील दप्तरांत या मुलखाचे कागद आढळतात. गाविलगड पडला तो दिवस शके १७२५ रुधिरोद्गारी संवत्सरात, राज्याभिषेक शक १३० मध्ये, हिजरी १२१८ मध्ये, शुहूर अर्बा मयातैन व अलफ म्हणजे १२०४ मध्ये आणि दख्खनी फसली १२१३ मध्ये येतो. पुढे २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि सरकारी लेखनात इंग्रजी तारीख क्रमाने प्रधान होत गेली.

रूपांतरातील अडचणी : वर्षांक जुळला, तरी दिवस जुळेलच असे नाही. महाराष्ट्रात अमान्त मास चालतात, तर नर्मदेच्या उत्तरेस पौर्णिमान्त मास रूढ आहेत. शुक्ल पक्षात दोहोंचा मास एक असतो. वद्य पक्षात मात्र मासाचे नाव बदलते. महाराष्ट्रात माघ वद्य चतुर्दशीस येणारी महाशिवरात्र उत्तरेत फाल्गुन कृष्ण चतुर्दशीस येते, दिवस मात्र एकच असतो. वऱ्हाड हा सातपुड्याच्या सीमेवरचा प्रदेश असल्याने उत्तरेकडून आलेल्या कागदांत मास कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहावे लागते; अन्यथा एक महिन्याचा फरक पडतो. अधिक मासाच्या वर्षी ‘अधिक’ हा शब्द गळाल्यास हीच चूक होते.

तिथी ही सूर्य व चंद्र यांतील बारा अंशांच्या अंतरावर अवलंबून असते. सूर्योदयी जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची मानतात. पुणे व चांदूर बाजार यांच्या रेखांशांत सु. चार अंशांचा फरक असल्याने तेवढ्यापुरता चांदूर बाजार येथे सूर्योदय सु. पाव तास आधी होतो. एखादी तिथी नेमकी त्या अवधीत संपत असेल, तर दोन गावांच्या पंचांगांत त्या दिवसाची तिथी वेगळी येऊ शकते. शिवाय दिवसाचा आरंभ कोणता मानावा हेही सर्वत्र सारखे नाही : पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून, हिजरी दिवस सूर्यास्तापासून आणि इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून सुरू होतो. रात्री घडलेल्या घटनांच्या तारखांत एका दिवसाचा फरक आढळतो, तो पुष्कळदा यामुळे.

मराठी पत्रांत वर्ष शुहूर सनाचे व महिना हिजरी असे मिश्र लेखन विपुल आहे. सौर वर्ष चांद्र वर्षाहून सु. अकरा दिवसांनी मोठे असल्यामुळे एका शुहूर सालात हिजरी महिन्याचे काही दिवस दोनदा येतात. उदा., वर उल्लेखिलेले अर्बा मयातैन हे साल १८०३ च्या जूनमध्ये सफर महिन्याच्या मध्यास सुरू होऊन पुढील सफर महिन्यातच संपले. त्यामुळे त्या महिन्याच्या मध्यावरील सु. दहा-अकरा दिवसांपैकी एखादा दिवस कागदावर असल्यास तो १८०३ मधील की १८०४ मधील, हे केवळ तारखेवरून ठरत नाही. मजकुराचा आधार घ्यावा लागतो.

इंग्रजी तारखेतही भेद आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग पोर्तुगीजांनी लगेच स्वीकारले; इंग्रजांनी मात्र ते १७५२ मध्ये स्वीकारले व त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मानला. त्यामुळे सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीतील व गोव्यातील पोर्तुगीज कागदांत एकाच दिवसाच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर आहे. मराठ्यांच्या इतिहासात १७५२ पूर्वीच्या तारखा जुन्या म्हणजे ज्यूलियन पद्धतीने देण्याचा प्रघात आहे.

शिवजन्मतिथीचा प्रश्न : रूपांतर व पुराव्याची पारख यांचा संबंध या प्रश्नात ठळकपणे दिसतो. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (६ एप्रिल १६२७) ही तिथी बराच काळ मानली जात होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्ल संवत्सर, शुक्रवार अशी नोंद मिळाली. कवींद्र परमानंदाचे शिवभारत पुढे प्रकाशात आले आणि त्यातील तिथीने या नोंदीस दुजोरा मिळाला. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली होती. पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने मान्य केली.

वर दिलेल्या कसोट्या या नोंदीस लावून पाहण्यासारख्या आहेत. १५५१ मध्ये १२ मिळवून ६० ने भागल्यास बाकी तीन राहते व तिसरा संवत्सर शुक्ल हाच आहे. १९ फेब्रुवारी ही ज्यूलियन तारीख असून ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. त्याचा ज्यूलियन दिनांक २३,१६,४६५ आहे आणि कलियुगाच्या आरंभापासूनचा अहर्गण १७,२७,९९९ येतो. या अहर्गणास सातने नि:शेष भाग जातो, म्हणजे वार आरंभदिनाचाच, शुक्रवार, येतो. शक, संवत्सर, तिथी व वार यांचा असा मेळ बसल्याने शकावलीतील नोंद गणिताच्या दृष्टीने निर्दोष ठरते. अर्थात गणिताने नोंदीतील सुसंगती कळते; नोंद विश्वसनीय आहे की नाही, हे अन्य साधनांवरून ठरवावे लागते.

जंत्र्या व शकावल्या : प्रत्येक वेळी गणित करणे शक्य नसल्याने अनेक सनांचे दिवस समोरासमोर देणारी कोष्टके तयार झाली. त्यांना जंत्री म्हणतात. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री १८८९ मध्ये निघाली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा मराठी ग्रंथही निघाला. एल. डी. स्वामीकन्नू पिळ्ळै यांची इ. स. ७०० ते १७९९ या काळाची विस्तृत कोष्टके १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी कागदपत्रांसाठी गणेश सखाराम खरे यांची शिवकालीन संपूर्ण शकावली विशेष उपयोगी पडली. वि. का. राजवाडे यांच्यापासूनच्या संशोधकांनी छापलेल्या हजारो पत्रांचा कालानुक्रम अशाच साधनांवर उभा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात पंचांगांतील विविधता कमी करण्यासाठी मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून सुरू झाले. त्यातील मासांचे दिवस ठरीव असल्याने त्याचे रूपांतर सोपे आहे. मात्र राष्ट्रीय सौर चैत्र आणि पारंपरिक चांद्र चैत्र हे भिन्न आहेत. शकाचा अंक एक असला, तरी दिनांक एक नसतो.

संगणकीय माहितीसंचयातील तारीख : डेटाबेस म्हणजे सारण्यांच्या स्वरूपात ठेवलेला व प्रश्न विचारून हवा तो भाग काढता येणारा संगणकीय माहितीसंचय. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये अशा सारण्यांचे गणिती स्वरूप मांडले व त्यांना प्रश्न विचारण्यासाठी पुढे एसक्यूएल ही भाषा सिद्ध झाली. तारीख हा स्वतंत्र प्रकार तिच्या प्रमाणात १९९२ मध्ये अंतर्भूत झाला. संगणक अशी तारीख बहुधा अक्षरांत साठवीत नाही, तर अहर्गणाप्रमाणे एका आरंभापासूनच्या दिवसांची संख्या म्हणून साठवितो. पोस्टग्रेस या प्रणालीत आरंभदिन १ जानेवारी २००० आहे. तीत १ मार्च १६३० हा दिवस उणे १,३५,०८० असा राहील. साठविलेली संख्या दिवस-महिना-वर्ष या रूपात दाखविणे हे काम ‘टू_चार’सारख्या फलनाने व लिहिलेल्या अक्षरांवरून संख्या बनविणे हे ‘टू_डेट’सारख्या फलनाने होते. दोन्ही वेळी अंकांचा क्रम कोणता, हे सांगावे लागते. ‘०५-०६-१९४८’ ही भारतीय रीतीने ५ जून, तर अमेरिकी रीतीने ६ मे होते. हा संदेह टाळण्यासाठी १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरविला.

ऐतिहासिक तारखांच्या बाबतीत प्रणालींच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीतील जुन्या तारीख-वेळ प्रकारात १ जानेवारी १७५३ पूर्वीचा दिवस घेताच येत नाही. इंग्रजांच्या १७५२ मधील पंचांगबदलाची ती खूण आहे. पोस्टग्रेससारख्या प्रणाली ग्रेगोरियन नियम मागील सर्व काळास लावतात. त्यांना ‘१९ फेब्रुवारी १६३०’ असे सांगून वार विचारल्यास उत्तर मंगळवार असे येते, कारण दिलेली तारीख ज्यूलियन आहे हे प्रणालीस ठाऊक नसते. दहा दिवस मिळवून १ मार्च ही तारीख दिली, की शुक्रवार हे योग्य उत्तर मिळते.

अभिलेखांचे संगणकीकरण व त्याचे परिणाम : विदर्भातील गावोगावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या कोतवाल बुक या नावाने ओळखल्या जातात. वंशावळ व जात सिद्ध करण्यासाठी नागरिकांना या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्र. २३ अन्वये होणाऱ्या पडताळणीत मानीव दिनांकांना महत्त्व आहे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या दिनांकांपूर्वीच्या नोंदींना पुरावा म्हणून विशेष वजन असते. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू कागदांचे वाचन, निजामकालीन फसली साल आणि नोंदीची तारीख हे विषय पुन्हा सर्वसामान्यांच्या चर्चेत आले.

अशा नोंदी संगणकावर घेताना तारीख नुसत्या अक्षरांच्या स्वरूपात ठेवली, तर तिची तुलना डावीकडील अंकापासून होते. ‘१३-१०-१९६७ पूर्वीच्या नोंदी दाखवा’ असा प्रश्न विचारला असता ‘२१-०३-१९१२’ ही नोंद गळते, कारण दोन हा अंक एकापेक्षा मोठा आहे. आणि ‘०५-०१-१९७५’ ही नोंद मात्र यादीत येते. प्रणाली कोणतीही त्रुटी दाखवीत नाही, यादीही व्यवस्थित दिसते. परंतु ज्याच्या पणजोबांची १९१२ ची नोंद दप्तरात सुरक्षित आहे, त्याला ती मिळत नाही. अक्षरांचे तारखेत रूपांतर करून मग तुलना केल्यास, किंवा वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवल्यास, हा दोष राहत नाही.

वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची जुनी सवय हे दुसरे कारण होय. ‘३-६-१२’ ही नोंद १९१२ ची असली, तरी अनेक प्रणाली ५० पेक्षा लहान अंकास एकविसाव्या शतकात टाकतात व ती २०१२ ची ठरवितात. नोंदवहीच्या मुखपृष्ठावरील साल पाहिल्याशिवाय ही चूक उमगत नाही. फक्त वर्ष ठाऊक असलेल्या नोंदीस १ जानेवारी हा दिवस चिकटविण्याची प्रथाही अशीच घातक आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसल्यास १ जून लिहिण्याची रीत महाराष्ट्रात परिचित आहे. पुढे ती तारीखच खरी मानली जाते. वेळेच्या प्रमाणातील फरकानेही दिवस सरकतो : भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीच्या वेळेसह साठविलेली १५ तारीख जागतिक वेळेत आदल्या दिवशीची सायंकाळ म्हणून दिसू शकते.

उपाययोजना : जुन्या अभिलेखांच्या माहितीसंचयात प्रत्येक तारखेसाठी तीन गोष्टी स्वतंत्र ठेवणे इष्ट असते. पहिली, कागदावर असेल तशी मूळ नोंद, तिच्यातील शब्द, अंक व वार यांसह. दुसरी, ती नोंद कोणत्या सनातील व कोणत्या पद्धतीची मानली याचा निर्देश : फसली असल्यास दख्खनी की उत्तरेकडील, मास अमान्त की पौर्णिमान्त, इंग्रजी तारीख ज्यूलियन की ग्रेगोरियन. तिसरी, रूपांतरित दिवस; आणि तो निश्चित नसल्यास ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन दिवस. ‘फसली १२१३’ एवढीच नोंद असेल, तर जून १८०३ ते जून १८०४ हा अवधी हेच तिचे योग्य रूपांतर होय. त्यापेक्षा नेमकी तारीख देणे म्हणजे कागदात नसलेली गोष्ट त्यात घालणे होय. मूळ नोंद राखलेली असली, म्हणजे रूपांतरातील चूक पुढील अभ्यासकाला किंवा अधिकाऱ्याला केव्हाही दुरुस्त करता येते. ती पुसून केवळ रूपांतरित तारीख ठेवल्यास चूक शोधण्याचे साधनच उरत नाही. जंत्री वापरणाऱ्या संशोधकांनी मूळ तिथीखाली इंग्रजी तारीख कंसात देण्याची जी शिस्त पाळली, तीच संगणकीय नोंदींनाही लागू पडते. [→ पंचांग, फसली सन, शक, हिजरी सन].